मेहुण्यांची मोटारसायकल आणि दोन कादंबऱ्यांचे नायक

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या वाचनालयात मला आणि माझा मित्र वसंता याला दोन जुन्या प्रवासकादंबऱ्या मिळाल्या. एकीचा नायक बर्फात सोबती गमावूनही पुढेच जातो. दुसरीचा वाळवंटात अर्ध्या वाटेवरून सगळ्यांना घेऊन परततो. वसंता पहिल्याचा भक्त, मी दुसऱ्याच्या बाजूचा. वाद मिटेना, तेव्हा तो म्हणाला, "पुस्तकं ठेव. सातपुड्यात जाऊ."

भाद्रपदात निघालो. चोपड्यापर्यंत एसटी, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. तिथे वसंताच्या बहिणीकडे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली आणि मेहुण्यांची मोटारसायकल घेतली. कोरी करकरीत. तुम्ही जाणार असाल तर पावसाळा टाळा. डोंगराकडचा रस्ता नदीच्या पात्रातूनच जातो.

नदीपाशी पोचलो तेव्हा आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण डोंगर ढगांनी काळाभोर झाला होता. पाणी जेमतेम घोट्याएवढं. "थांबू या," म्हणत मी उतरलो.

"बोलला तुझा नायक!" वसंताने गाडी पात्रात घातली. मधोमध ती बंद पडली. तेवढ्यात पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला आणि वरच्या वळणामागून घरघर ऐकू येऊ लागली.

काठावर एक अक्का सरपणाची मोळी घेऊन उभी होती. ती ओरडली, "ओ भाऊ, पूर यी राह्यना! गाडी सोड!"

वसंता सोडेना. पाणी त्याच्या मांड्यांना लागलं. "मेहुण्यांची आहे! तायडीला काय सांगू?"

"तुनी बहीण गाडीले राखी बांधस का? सोड तिले!"

अक्काने मोळीचा दोर सोडून एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः झाडाला गुंडाळलं. मी कंबरभर पाण्यात शिरलो. माझ्या हाताला वसंताचं मनगट लागलं, तेव्हा कुठे त्याने हँडल सोडलं. गाडी एकदा उलटली आणि दिसेनाशी झाली.

परतताना तो सारखा म्हणत होता, "चोपड्याला नको. सरळ जळगाव गाठू." मी ऐकलं नाही.

तायडीने ओले कपडे पाहिले. "गाडी कुठंय?" "नदीत गेली," वसंता म्हणाला. मेहुण्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाणी तापलंय. आंघोळ करून घ्या." तायडी मात्र त्या दिवशी भावाशी एक शब्द बोलली नाही.

जळगावला पुस्तकं परत करताना वसंता म्हणाला, "जिंकला तुझा नायक." मला हो म्हणवेना. पुराची भीती यथावकाश ओसरली. पण त्या दिवशी बहिणीच्या दारात जायला त्याचं पाऊल उचलत नव्हतं, ती भीती दोन्ही कादंबऱ्यांत कुठेच नव्हती. त्या दोन्ही नायकांना असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहावंच लागलं नव्हतं.