बाळंतिणीच्या चुलीतलं लाकूड

बाळंत झाल्यावर मी हरसूलजवळच्या माहेरी गेले, तेव्हा आईनं अंगणातली लाकडं निवडून ठेवली होती. बाळंतिणीचं पाणी तापवायला आणि शेकायच्या निखाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळी मोळी बांधतात. धावडा सगळ्यात चांगला, त्याचा निखारा टिकतो. ऐन चालतो, आंबाही चालतो. बिब्बा मात्र चुकूनही नाही. त्याचा नुसता धूर लागला तरी अंग सुजतं, फोड येतात. या कामाला आई दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नसे. सालीवर विळ्याचं टोक ओढायचं, आतला रंग बघायचा, की निकाल लागला.

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसवर पाणी तापलंच असतं. नवरा तसं म्हणालाही. पण आईच्या हातचा शेक हवा म्हणून मीच हट्टानं आले होते.

त्या सकाळी ती चुलीपाशी बसली होती, मी बाळाला घेऊन शेजारीच. तिनं उचललेल्या ओंडक्याच्या चिरलेल्या तोंडाशी काळे ओघळ वाळले होते.

"आई, थांब! बिब्बा हाय तो."

"आंबा हाय गं. आंब्याचा चीकबी काळाच पडतो. तू मला शिकवती का?"

तेही खरंच होतं, म्हणून क्षणभर मी गोंधळले. तिनं फणकाऱ्यानं सालीवर विळा ओढला. लाकूड अजून ओलसर होतं. आतून चीक सुटला आणि आम्ही बघत असतानाच काळाकुट्ट झाला; आंब्याचा इतका झटकन होत नाही. आता ती चिडेल, स्वतःवरच हसेल, असं मला वाटलं. ती त्या रेघेकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "कुठलं लाकूड गं हे?"

मी आत्ताच सांगितलं होतं. मला फार भीती वाटली, बिब्ब्याची वाटली त्याहून जास्त. ओंडका मी फडक्यात धरून कुंपणापलीकडे टाकला. परत आले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला सगळं कळलं होतं.

"बाळाला धूर लागला असता," ती म्हणाली. "आता माझ्याकडं नको देऊ त्याला. तूच न्हाऊ घाल."

"काहीतरीच काय बोलती!" मी म्हणाले आणि बाळ तिच्या पसरलेल्या पायांवर ठेवलं. पण मी तिथून उठले नाही. प्रत्येक तांब्या मीच भरला, पाण्यात बोट घालून बघितलं आणि मग तिच्या हातात दिला. तिनं ते पाहिलं. मला जा म्हणाली नाही.