बकुळामावशीची गोरखमुंडी

माझा काका दौलत या आठवड्यात जे वागला ते मी लिहिणारच, घरात कितीही बोंब झाली तरी.

बकुळामावशी आमच्या अंजूरचीच. तिला स्वतःचा एक गुंठा नाही. पण आमच्याकडे भात कापून झालं की शेतं सगळ्यांना मोकळी, कुणाचीही गुरं शिरतात, कुणी काही उपटलं तरी मालक विचारत नाही. तेव्हा ओल्या खाचरांत गोरखमुंडी उगवते, जांभळ्या गोंड्यांची, नुसता हात लागला तरी उग्र वास बोटांना चिकटतो. चाळीस वर्षं मावशी ती गोळा करून घरोघरी विकतेय. लोक खाजेला, पुरळाला उकळून वापरतात. गोंडा तळहातावर चोळायचा, हुंगायचा, मगच टोपलीत. तिचं चेकिंग तेवढंच.

यंदा काकाने शेत गोडाऊनला दिलं. भूमिपूजनाआधी प्लॉट साफ पाहिजे म्हणून सोमवारी तणनाशक मारलं. मावशीला सांगितलं नाही. फवारलं तरी झाडं दोन-चार दिवस हिरवीच दिसतात ना! बुधवारी ती आली, चोळलं, हुंगलं, वास नेहमीचाच. टोपली भरली. काका बांधावर फोनवर बोलत होता, त्याने तिला हातसुद्धा केला.

शुक्रवारी शेत पिवळं पडलेलं बघून ती थेट आमच्या दारात.

काका हसला. "अगं, तण हाय ते. तणासाठी गावभर सांगत फिरू?"

"गावाला नको," मावशी म्हणाली, "मला सांगायचं व्हतं."

अकरा घरांत माल गेला होता. पुड्या परत घ्यायला मी तिला स्कूटीवर बसवलं. कुणी पुडी परत दिली, कुणी चिडलं. मृणालीवहिनीने तर बाळाला त्याच पाण्याने आंघोळ घातलेली. मावशीने उंबऱ्यावर बसून बाळाचे पाय उलटसुलट करून बघितले. काही झालं नव्हतं. तरी वहिनी म्हणाली, "मावशी, आता आमच्याकडे काही आणू नकोस."

मला राहवलं नाही, मी काकाचं नाव सांगितलं.

"त्यांना काय माहीत," वहिनी म्हणाली. "विकणारीला कळायला पाहिजे."

बाकीच्या घरांतही हेच. काका शेतवाला, म्हणून त्याला सगळं माफ. मावशी प्रत्येक दारात मान खाली घालून उभी. सगळ्या पुड्या तिने घरामागे खड्डा करून पुरल्या.

आज जेवताना काका मला म्हणतो, बकुळाला विचार ना, भूमिपूजनाची जागा सारवून देईल का. मी ताटावरून उठले. त्याला अजून कळलेलं नाही की का.