रेडिओ बंद पडल्यावर

मंडळी, आज दुपारी आमच्या वाचनालयात मी माझी नवी विज्ञानकथा वाचली. यानाबाहेर काम करताना नायक-नायिकेचे रेडिओ बंद पडतात. पोकळीत आवाज पोचत नाही. नायक दूर वाहत जातो आणि तिचं प्रेम सांगायचं राहूनच जातं.

वाचन संपल्यावर कबनूरचे एक आजोबा उठले. जन्मभर यंत्रमागावर काम केलेले.

"ताई, गोष्ट चांगली हाय. पण रेडिओ बंद पडला म्हणून बोलायचं राहिलं, हे पटलं न्हाय. मी आन बायको तीस वर्षं एकाच शेडात होतो. मागाच्या खडखडाटात काय ऐकू येतंय? हातानंच बोलायचो की."

मी विचारलं, "मग प्रेम आहे हे हातानं कसं सांगायचात?"

"तसलं काय नव्हतं. जेवलीस का, एवढंच." पाच बोटं जुळवून त्यांनी तोंडाकडं नेली.

मग खाली बसत म्हणाले, "गेल्या साली दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क होता. काचेतनं मला बघून तिनं हेच विचारलं. शेवटचंच. मी मान हलवली, जेवलो म्हणून. जेवलो नव्हतो."

घरी येऊन मी कथेचा शेवट खोडला. आता दूर जाणाऱ्या त्याच्याकडे बघत नायिका पाच बोटं जुळवून हेल्मेटच्या काचेपाशी नेते.

तो काय उत्तर देतो, ते अजून लिहिता आलेलं नाही. तुम्ही काय दिलं असतं?