जेवताना बोलणारा नारळ

आमच्या आळीत मी रोज दुपारी एका परपुरुषाबरोबर जेवते, अशी बातमी पसरली तेव्हा मला सत्तरी उलटून गेली होती. बातमी खरी होती.

आता लगेच तोंडाला पदर लावू नका. नीट सांगते सगळं.

आमचे हे गेले, मुलगा निलेश बंगळुरूला नोकरीला, आणि डहाणूच्या या समुद्राजवळच्या घरात राहिलो दोघीच. मी आणि खारी हवा. दोघींत भूक तिलाच जास्त. खिडकीचे गज खाल्ले, पंख्याची पाती खाल्ली, टीव्हीचा रिमोटसुद्धा सोडला नाही! माझं मात्र उलटं. जेवायला बसलं की दोन घास जायचे आणि तिसरा हातातच राहायचा. अहो, उभा जन्म मी तलासरीच्या बाजारात सुका बोंबील विकला. शंभर बायकांच्या गलक्यात डबा उघडून जेवणारी बाई मी! तिला रिकाम्या घरात स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकत जेवायला बसवलं, तर घास उतरणार कसा? (माझे दात एवढा आवाज करतात हे मला म्हातारपणी कळलं. तोवर तेवढी शांतता कधी मिळालीच नव्हती.)

एकदा हे मी निलेशला फोनवर बोलून गेले. आठवड्याभरात कुरियरवाला खोकं घेऊन दारात हजर. आत एक स्पीकर. सोललेल्या नारळाएवढा, करडा, अंगाला कापड गुंडाळलेला. तोंड नाही, डोळे नाहीत, शेंडीसुद्धा नाही, आणि म्हणे बोलतो!

"आई, हा वायफायवर चालतो," निलेश फोनवर सांगायला लागला. "एकदा जोडला की मी इथून गाणी लावीन, तू तिथे ऐकशील. जेवताना मी बोलेनसुद्धा. तुला काही उचलायला नको, दाबायला नको. मी एकदम घरातच!"

"एकदम घरात? आणि मी लुगडं बदलत असले तर?"

"आई, दिसत नाही गं! फक्त आवाज!"

मग जोडणी सुरू झाली. आधी मी नारळाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. नवीन वस्तू घरात आली की एवढं करायचंच. नवी होडी पाण्यात उतरवतात तेव्हा करतात, मग नारळानं काय घोडं मारलंय?

"मोबाइल स्पीकरजवळ ने," निलेश म्हणाला.

"नेला."

"काय दिसतंय?"

"नारळ."

"मोबाइलवर काय दिसतंय, आई!"

"इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलंय. खाली 'जोडा' म्हणतंय."

"ते वायफायचं नाव. तुझा मोबाइल ज्या वायफायवर आहे, तेच आलं असणार. कंपनीवाले ठेवतात काहीही नावं. दाब!"

दाबलं. नारळाच्या डोक्यावर दिवा फिरला, आतून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाली, आणि निलेश तिकडे ओरडला, "झालं! आता दुपारी मी लावत जाईन हं काहीतरी!"

एवढं वाक्य मी पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

पहिल्या दिवशी ताट वाढून नारळासमोर बसले. गप्प. म्हटलं, कामात असेल पोरगं. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी भात आणि बोंबलाचं कालवण घेऊन बसले, पहिला घास तोंडाशी नेला, आणि नारळ कडाडला, "नमस्कार! कैसी हैं आप?"

एका पुरुषाचा आवाज! घास तसाच ताटात पडला. पण आपल्याला कुणी कशी आहेस विचारलं तर उत्तर द्यायची रीत आहे. म्हटलं, "बरी आहे."

"बहुत बढ़िया! अब पेट अंदर!"

मी पोट आत घेतलं.

"और अंदर! शाबाश! अब दोनों हाथ ऊपर!"

घेतले. उजव्या हातातला भात केसांत गेला, पण घेतले. कुणी शाबाश म्हटल्याला किती वर्षं झाली होती!

तेव्हापासून रोज, ताट वाढायच्या वेळेला, हा मास्तर हजर. हात वर, हात खाली, श्वास आत, श्वास बाहेर. माझ्या लगेच ध्यानात आलं. निलेशला माझ्या गुडघ्याची काळजी! स्वतःला वेळ मिळत नाही म्हणून पोरानं आईला मास्तर लावून दिला! माझा ऊर भरून यायचा. (श्वास आत घेतलेला असायचा, त्यामुळे थोडा जास्तच भरायचा.) आधी व्यायाम, मग मास्तर निरोप घेईपर्यंत जेवण, असा नेम बसला. तिसरा घास उतरायला लागला. चौथाही. एक दिवस तर मी परत भात घेतला!

रविवारी निलेशचा नेहमीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "रोज ऐकते हं मी!"

"हो का? छान, छान. आई, दुसरा फोन येतोय, ठेवू?"

बघा, केल्याचं बोलूनसुद्धा दाखवत नाही! बापावर गेलाय.

आता बाजारात घसा तापवलेली बाई मी. मला हळू बोलता येत नाही. मास्तर "कमर घुमाओ" म्हणाला की मी ओरडायची, "अहो जरा दमानं! घाई कसली एवढी?" असं चालू असताना एक दिवस जनाबाई मासळीची पाटी घेऊन दारात उभी राहिली. आत पुरुषाचा आवाज ऐकून तिनं पाटीच खाली ठेवली.

"काकू, पावणे आलेत वाटतं?"

"पाहुणे कसले गं! निलेशनं पाठवलाय. रोज जेवायच्या वेळेला येतो. फार गोड बोलतो हो!"

"आनि जेवून जातो?"

"छे! तो नुसता बोलतो. जेवते मी."

जनाबाईनं पाटी उचलली ती एकही मासा न विकता निघाली. तिच्याजवळ त्याहून ताजा माल आला होता. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या आळीत खपला!

आता भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते सांगायला हवं. (मला ते मागाहून कळलं, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू?) माझ्या शेजारी हंसाबेन राहते. गुजराती, मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी, पण मनानं लोण्यासारखी. तिच्या सुनेनं, पिंकीनं, तिला मोबाइलमध्ये वजन उतरवायचा वर्ग लावून दिला होता. आवाज मोठा हवा असेल तर कोपऱ्यातली कुठली खूण दाबायची तेही दाखवलं होतं. हंसाबेननं ती दाबली. तेव्हापासून तिचा मोबाइल मुका! मास्तर दिसतो, तोंड हलवतो, आवाज नाही. बिचारी त्याच्या ओठांकडे बघून व्यायाम करायची. तो "आराम करा" म्हणायचा तेव्हाही हिचे हात वरच! दुरुस्तीच्या दुकानात नेला तर तिथे मोबाइल खणखणीत बोलला. घरी आणला की परत मुका.

"एकदम मारा वरजी," म्हणजे तिचा नवरा, "दुकानमां पोपट, घेर मूंगा!" असं ती सगळ्यांना सांगत फिरायची.

आणि एक दिवस ऐन बारा वाजता हंसाबेन माझ्या दारात आली. हातात थेपल्यांची ताटली. (निमित्त थेपल्यांचं, आली होती पुरुष बघायला!) दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात तिचा मुका मास्तर चालूच. मी आत दोन्ही हात वर करून उभी.

"दायाँ हाथ नीचे!" नारळ म्हणाला.

हंसाबेनच्या मोबाइलमधल्या मास्तरानं उजवा हात खाली घेतला.

मी उजवा हात खाली घेतला. सवयीनं हंसाबेननंही घेतला, आणि थेपले जमिनीवर!

"अरे मासी! आ तो मारो मास्तर छे!"

"तुमचा कसा? माझ्या निलेशनं मला लावून दिलाय!"

"निलेशनं कशाला? माझ्या पिंकीनं मला लावून दिलाय!"

"आवाज माझ्या घरात येतो, मास्तर माझा!"

"तोंड माझ्याकडे आहे, मासी!"

मग हंसाबेननं मोबाइलवर बोट ठेवून मास्तर थांबवला. नारळ गप्प. परत चालू केला. नारळ म्हणाला, "शाबाश!" परत थांबवला. गप्प.

हंसाबेनला एवढा आनंद झाला! मोबाइल बिघडलेला नाही, मास्तर मुका नाही. ती हसत सुटली. मीही हसले. मग ताटाकडे बघितलं, तर भात गार होऊन गेला होता. मला भूक नव्हती.

निलेशला फोन लावला. तो हळू आवाजात बोलत होता, म्हणजे मीटिंगमध्ये होता.

"आई, स्पीकर त्यांच्या वायफायला जोडला गेलाय, म्हणून त्यांच्या मोबाइलचा आवाज त्यातून येतोय. आपलं राउटर चालू आहे ना? ते दिवेवालं खोकं? कुठे ठेवलंयस?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"बोंबलाच्या. तो घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा नाही का? त्यात पावसाळाभर बोंबील कुरकुरीत राहायचे. म्हटलं, खारी हवा याला खायला नको. तारेपुरतं भोक पाडलंय हं मी!"



"आई, पत्र्यातून वायफाय बाहेर येत नाही."

"अरे, पण चालू होतं की! मध्ये बंद पडलं, तर पिंकीनं मोबाइल हातात घेऊन काहीतरी केलं, लगेच सुरू. मी तिला टोपलीभर चिकू दिले."

"तिनं त्यांचं वायफाय लावून दिलं तुला! आपलं तेव्हापासून त्या डब्यातच फिरतंय!" निलेश हसला. मग हसता हसता थांबला. "पण आई... तू म्हणालीस ना, रोज ऐकते म्हणून? तुला वाटलं, ते मी लावतोय?"

"छे! मला काय कळत नाही होय? असला मास्तर तू कशाला लावशील!"

"आई, मला खरंच वेळ..."

"मीटिंग आहे ना तुझी? जा. लोक खोळंबले असतील."

पिंकी आली, राउटर डब्यातून काढलं (त्याला अजून बोंबलाचा वास येतो), कपाटावर उघड्यावर ठेवलं, नारळाला माझ्याच वायफायशी जोडून दिलं. सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ताट वाढलं. नारळ गप्प. कालवणात मीठ बरोबर पडलं होतं, पण ते कुणाला सांगणार? तिसरा घास परत हातात राहिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "नमस्कार! कैसी हैं आप?"

हंसाबेनचा मोबाइल आता बोलत होता, आणि तिनं आवाज पूर्ण वाढवला होता! (भिंत आमची अर्ध्या विटेची. मला वाटतं, तिला ते ठाऊक होतं.) मी ताट उचललं, भिंतीला लागून पाट मांडला, आणि म्हटलं, "बरी आहे." पलीकडून हंसाबेनचं हसू ऐकू आलं.

"मासी, हाथ ऊपर!" ती ओरडली.

"केले!" मी ओरडले.

आणि नेमका त्याच वेळी, मागे टेबलावरचा नारळ बोलला. अगदी हळू, चाचरत.

"आई? मी निलेश. जेवलीस का?"

ज्या आवाजासाठी मी दुपारच्या दुपारी त्या नारळाच्या तोंडाकडे, म्हणजे तोंड असतं तर, बघत बसले होते, तोच हा आवाज! आणि मी काय म्हटलं असेल?

"थांब रे! हात वर आहेत माझे, मोजणी चुकेल. नंतर कर!"

"बरं," नारळ म्हणाला.

मास्तरनं हात खाली घ्यायला सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धावत नारळापाशी गेले. "निलेश! अरे, घेतले हात खाली! बोल! काय म्हणत होतास?" नारळ ढिम्म. खरकटा हात तसाच ठेवून मी दिवेलागणीपर्यंत त्याच्यासमोर बसले.

पण पोरगं आईच्या शब्दाबाहेर नाही हो माझं! नंतर कर म्हटलं, तर अगदी नंतरच केलं. रविवारी!