दहा पॉइंट दोन

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सव्वीस वर्षं द्रावणं बनवणाऱ्या अटेंडंटला सगळे मामा म्हणत, आणि मामांनी मामापण निभावलंही. त्यांची द्रावणं दरवर्षी तेवढ्याच तीव्रतेची, त्यामुळे टायट्रेशनचं उत्तर, म्हणजे चंबूतला रंग बदलायला वरच्या नळीतून किती द्रावण सोडावं लागतं ते, दरवर्षी तेच, दहा पॉइंट दोन. मुलं इतकी तयार की ब्युरेटची नळी भरायच्या आधी जर्नल भरून मोकळी! तरी परीक्षेत एखादीचे डोळे भरून आलेच, तर मामा फडकं घेऊन टेबल पुसायला जात आणि पुटपुटत, "दहा पॉइंट दोन. रडतेस काय, वेडे?" यात त्यांना काडीचंही गैर वाटत नसे. माणूस मायाळू होता, आणि मायाळू माणसाला आवरणार कोण?

नव्या मॅडम आल्या तेव्हा त्यांनी सुचवलं, "मामा, प्रत्येकाला वेगवेगळं द्रावण देऊ. उत्तर ठाऊकच नसलं की मुलं चंबूकडे बघतील."

"साठ मुलांना साठ बाटल्या? मॅडम, मला दोनच हात आहेत हो," मामा म्हणाले, आणि विषय बासनात गेला.

त्या वर्षी मामांची एकुलती एक लेक त्याच लॅबमध्ये शिकत होती. तिला तर आकडा घरी, जेवताजेवताच मिळाला होता.

ती पदवीधर झाली. पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली आणि मुलाखतीत तिला थेट ब्युरेटसमोरच उभं केलं. चंबूतलं द्रावण फिक्कट गुलाबी झालं की त्याच थेंबाला थांबायचं, एवढीच कसोटी. लेकीने सवयीने नळीतलं द्रावण दहा पॉइंट दोनपर्यंत सोडलं. चंबू गर्द गुलाबी झाला. तिथले साहेब रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "पुढच्या महिन्यात या पुन्हा, शिकून." तीन वर्षं शिकलेल्या मुलीला! घरी येऊन तिने घडलं ते सगळं बापाला ऐकवलं, आणि ते मामांच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "साठ बाटल्या करतो," म्हणाले. केल्याही. मामा फितूर झाले म्हणून मुलांनी तोंडं वाकडी केली.

लेक मात्र महिनाभर लॅबचं नाव काढू देईना. दुसऱ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी कशीबशी आली. मामांनी एकसष्टावी बाटली तिच्यापुढे ठेवली. तिने तोटी उघडली आणि थेंब पडू लागले.

"बाबा, किती यायला हवं?"

आकडा मामांच्या खिशातल्या वहीत होता, अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "मला नाही माहीत, बाळा. तू खाली बघ."

तिचा विश्वास बसला नाही. आजवर सांगत आलेला बाप आजही सांगेल म्हणून ती त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिली, आणि खाली चंबूतला रंग फिक्कट गुलाबी होऊन गर्द होत गेला.