बदलायला आठ मिनिटं

पुरुषोत्तमराव आठल्ये यांनी चौतीस वर्षं लंडनमध्ये रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीत काढली, आणि तेवढ्या काळात ते स्वतः कुठेही उशिरा पोचले नाहीत. स्वतःच्या लग्नातही नाही. तिथे उशीर केला तो भटजींनी, आणि नागपूरची ती हकीकत ते अजूनही नापसंतीच्या सुरात सांगत.

काम साधं होतं. भल्या मोठ्या आलेखाच्या कागदावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा नको तिथे भेटल्या की अपघात. हव्या तिथे भेटल्या की प्रवाशाला गाडी बदलता येते. कॉम्प्युटर आल्यावरही पुरुषोत्तमराव आधी पेन्सिलीने रेघा ओढत आणि मग कॉम्प्युटरचं बरोबर आलंय का ते तपासत.

कचेरीत त्यांची एका गोष्टीसाठी ख्याती होती. गाडी बदलायला नियमाने पाच मिनिटं पुरत. पुरुषोत्तमराव आठ ठेवत. १९७४ साली आपणच आखलेली एक बदली कशी चालते ते पाहायला ते एका जंक्शनवर जाऊन उभे राहिले होते. एक बाई बाबागाडी, दोन पिशव्या आणि एक रडका मुलगा एवढा संसार घेऊन पूल चढून उतरली, तेव्हा पुढच्या गाडीचा लाल दिवा वळणाआड जात होता. त्यानंतरची गाडी तासाभराने. बाई बाकावर बसली आणि तिने मुलाचं नाक पुसलं. तेव्हापासून आठ. साहेब कुरकुरले, की अशाने गाड्या तीन मिनिटं नुसत्याच उभ्या राहतात. आठल्ये म्हणाले, हो, त्यासाठीच.

ही गोष्ट त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली होती की नीना आणि राजीव, त्यांची दोन्ही मुलं, ती एका सुरात म्हणून दाखवत. नाकासकट.

निवृत्तीचंही वेळापत्रक तयार होतं. एप्रिल २००३ मध्ये कचेरी सुटायची, हिवाळ्याच्या आत हॅरोचं घर विकायचं आणि बोर्नमथजवळ समुद्रकाठी एक बैठी बंगली घ्यायची, कारण हॅरोच्या घराला चौदा पायऱ्यांचा जिना होता आणि मधुमतीबाईंच्या गुडघ्यांचं त्याच्याशी पटत नव्हतं.

त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, नीना गेली. ताप म्हणून सुरू झालेलं तीन दिवसांचं दुखणं. मागे सात वर्षांची तनिषा, तीन वर्षांचा वीर आणि एक गोल्डफिश. मुलांचे वडील उदय वर्षभराने नोकरीसाठी टोरांटोला गेले, तिथे दुसरं लग्न झालं, आणि दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. माणूस वाईट नव्हता, फक्त लांब होता; आणि ही सवय त्याला नीना असतानाही होती.

अशा रीतीने चौसष्टाव्या वर्षी पुरुषोत्तमराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. पावणेनऊला फाटकाशी, सव्वातीनला पुन्हा फाटकाशी. ते वेणी घालायला शिकले. वेणी पट्टीने आखल्यासारखी सरळ येई, पण इतकी घट्ट, की तनिषाचे डोळे दुपारपर्यंत कानांकडे निघालेले असत. ती तक्रार करत नसे. शाळेत पोचल्यावर हळूच सैल करी आणि घरी यायच्या आधी पुन्हा आवळून घेई. हे पुरुषोत्तमरावांना दोन वर्षांनी कळलं, आणि कळल्याचं त्यांनी तिला कळू दिलं नाही.

२००५ च्या सप्टेंबरात दोन गोष्टी एकदम आल्या. डॉक्टरांनी मधुमतीबाईंना जिना बंद सांगितला. आणि तनिषाच्या पुढच्या शाळेसाठी कौन्सिलचा फॉर्म आला, ऑक्टोबरअखेर भरून द्यायचा. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना पत्त्याचा होता. आता हलायचं तर एकदाच आणि कायमचं, असं दोघांचं ठरलं. कुठे, एवढंच राहिलं होतं.

समुद्रकाठची बंगली पाहायला चौघेही गेले. समुद्र माहितीपत्रकात होता तसाच होता. किनाऱ्यावर बाकं, बाकांवर नीटनेटकी म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात एक कुत्रा. वीरने सगळी बाकं पायी पालथी घातली आणि परत येऊन विचारलं, "आजी, हे सगळे कोणाला वेट करतात?"

मधुमतीबाईंनी पोह्यांचा डबा बंद केला. "चला," त्या म्हणाल्या. "पाहून झालं."

दुसरा पर्याय पुण्याचा. कोथरूडमध्ये पूर्वी घेऊन ठेवलेला फ्लॅट होता आणि लिफ्ट होती. पुरुषोत्तमरावांचे धाकटे भाऊ कमलाकर फोनवर म्हणाले, "अरे दादा, मुलं काय, रुळतात. चार महिन्यांत वरणभात मागतील." पण वीर वरणभात आत्ताही मागत होता. त्याला मराठीत पाणीही मागता येत होतं. भांडता मात्र येत नव्हतं. आणि ज्या भाषेत भांडता येत नाही त्या भाषेच्या शाळेच्या पटांगणात पोराला एकटं सोडणं पुरुषोत्तमरावांना धोक्याचं वाटलं.

तिसऱ्या पर्यायाचा उच्चार घरात कुणी केला नव्हता.

मग एके दुपारी, मुलं शाळेत असताना, मधुमतीबाई चहा घेऊन आल्या तर जेवणाच्या टेबलावर मोठा आलेखाचा कागद पसरलेला. आडवी वेळ, पण मिनिटांच्या जागी वर्षं. उभ्या जागी ठिकाणं. चार रेघा, चार रंगांच्या.

"ही निळी कोण?"

"मी."

"२०१२ ला संपलीय."

"हृदयाचं बायपास धरून. वेळापत्रक नेहमी वाईटात वाईट धरूनच करतात."

"आणि मी ही तांबडी. २०१५." मधुमतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मला तीन वर्षं जास्त दिलीत."

"सरकारी आकडेवारी आहे ती. बायका टिकतात."

"आणि त्या तीन वर्षांत मी काय करायचं?"

"गुडघ्यांचं ऑपरेशन तोपर्यंत झालेलं असेल," पुरुषोत्तमराव म्हणाले. "फिरायला जा."

मधुमतीबाई हसल्या नाहीत, पण कप ठेवून बसल्या. त्यांचं बोट हिरव्या रेघेवर आलं. २०१५ मध्ये तनिषा विशीची, तिचं एक वेळ निभेल. वीर पंधरा. त्याची पिवळी रेघ तांबडी संपते त्या टोकाला येऊन पोचत होती आणि तिथून तुटक तुटक होऊन सगळ्यात खालच्या ठिकाणाकडे जात होती. तिथे फक्त 'रा.' लिहिलं होतं.

"राजीवला विचारलंत?"

"विचारू."

"कधी?"

"टाइमटेबल पक्कं झालं की."

"अहो, आपल्या मुलाला विचारायला टेबल कशाला लागतं?"

पुरुषोत्तमरावांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. राजीव छत्तीस वर्षांचा, बेसिंगस्टोकला एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. तो आणि शिल्पा यांना मूल नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारत नसे, आणि न विचारायची सगळ्यांना सवय झाली होती. बापलेकांचं छान होतं, म्हणजे पाच आठवडे आधी ठरवून ते जेवायला भेटत आणि रस्त्यांबद्दल बोलत. उभ्या आयुष्यात पुरुषोत्तमरावांनी मुलाकडे काही मागितलं नव्हतं. ते कसं मागतात, हे या वयात कुणाला विचारणार.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी ठरलेलं जेवण होतं. बेसिंगस्टोक हे गाव चक्राकार चौकांसाठी प्रसिद्ध आहे. पुरुषोत्तमरावांनी गाडी चालवत ते अकरा मोजले आणि प्रत्येकाला वळसा घालताना मनाशी पहिलं वाक्य जुळवलं. अकराव्यालाही ते जुळलं नव्हतं.

शिल्पाने नवं स्वयंपाकघर करून घेतलं होतं. पांढरंशुभ्र, भिंतभर, आणि कुठल्याही कप्प्याला मूठ नाही. दाबलं की उघडतं. कुठे दाबायचं ते घरच्यांना माहीत. मधुमतीबाईंनी घरून आणलेलं श्रीखंड ओट्यावर ठेवलं आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, देवळात राहावं तशा.

जेवताना पुरुषोत्तमरावांनी सुरुवात केली. "इकडे घरांचे भाव काय म्हणतात?"

"का हो बाबा? इन्व्हेस्ट करताय?"

"नाही, सहज. बैठी घरं असतात का इकडे?"

"असतात थोडी. वेबसाइटवरून प्रिंट काढून देऊ?"

"दे."

पुढे शाळांचा विषय निघाला. इथल्या शाळा चांगल्या आहेत असं राजीव म्हणाला. ऐकलंय खरं, असं पुरुषोत्तमराव म्हणाले. मग दोघांनी बराच वेळ मोटरवेवरच्या दुरुस्तीबद्दल मनापासून चर्चा केली. मधुमतीबाई नवऱ्याकडे पाहत होत्या, पुरुषोत्तमराव भाताकडे.

श्रीखंड वाढलं गेलं आणि वीर चमचा आणायला उठला. घरी त्याची ती कामगिरी होती. पांढऱ्या भिंतीसमोर तो जाऊन उभा राहिला. एका जागी हात लावला, उघडलं नाही. दुसऱ्या जागी लावला, तर डिशवॉशर निघाला. मागे वळून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्याचे कान लाल झाले होते.

तनिषा उठून त्याच्या शेजारी गेली. तिने मामाकडे पाहिलं आणि घरी वाण्याची यादी वाचून दाखवायची त्या आवाजात म्हणाली, "मामा, चमचे कुठे असतात? आजोबांच्या टेबलमध्ये वीर इथे राहायला येणार आहे, २०१५ ला. आणि आम्हाला चमचे पण माहीत नाही."

फ्रिज थोडा वेळ गुरगुरला.

"कसलं टेबल?" राजीवने विचारलं.

आपला कागद मुलांनी पाहिला आहे हे पुरुषोत्तमरावांना तेव्हा कळलं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तो काढला. घरून निघताना तो बरोबर का घेतला होता हे त्यांना सांगता आलं नसतं. आठ घड्या उलगडून तो श्रीखंडाच्या वाट्यांमध्ये पसरला गेला. राजीव खुर्ची मागे सारून वाकला. लहानपणी सुट्टीत बाबांबरोबर कचेरीत जाऊन तो असे कागद तासन्‌तास वाचत बसे. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचं बोट निळ्या रेघेवरून गेलं आणि तिच्या टोकाशी क्षणभर थांबलं. मग तांबडी. मग पिवळी, तुटक होते तिथपर्यंत.

शेजारी शिल्पा उभी होती. ती 'रा.' या अक्षराकडे पाहत होती.

"बाबा," राजीव म्हणाला, "बदलायला किती ठेवलीत?"

"काय?"

"वीरची गाडी इथे पोचते २०१५. इथून सुटते २०१५." त्याने बोट उचललं नाही. "शून्य मिनिटं. तुम्ही?"

पुरुषोत्तमरावांनी चष्मा सारखा केला आणि पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून अशी रेघ गेली नव्हती. शिकाऊ पोरालाही त्यांनी ती पुन्हा ओढायला लावली असती.

"कुठे ठेवायची ते सुचेना," ते म्हणाले. "तुला विचारल्याशिवाय कशी ठेवणार."

"मग विचारा ना."

पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं. अकरा चौक पार करून आलेलं वाक्य अजूनही अर्धंच होतं. "हे बघ, राजीव, तुमचं दोघांचं नीट चाललंय. त्यात दोन पोरं म्हणजे..." ते थांबले. "त्यांना लहानपणीच एकदा धावत गाडी बदलायला लागलीय. दुसऱ्यांदा नको."

राजीवने पेन्सिल मागितली. कोटात होतीच. २००६ च्या खुणेवर त्याने एक ठिपका काढला आणि तिथून चारही रेघा वाकवून अगदी तळाला, 'रा.' च्या शेजारी आणल्या. त्याची रेघ बापासारखी सरळ नव्हती. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "पुरतील?"

"आठसुद्धा पुरली असती," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि रुमाल काढून नाक पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

शिल्पा वीरजवळ जाऊन खाली बसली, त्याचा पंजा हातात घेतला आणि भिंतीच्या एका जागी टेकवला. "इथे. दाब." कप्पा बाहेर आला. आत चमचे होते, आकारमानाप्रमाणे लावलेले. वीरने सगळ्यांसाठी एक एक घेतला, मोजून सहा.

फॉर्मवर हॅरोचाच पत्ता गेला, कारण दुसरा अजून नव्हता. पुढच्या वसंतात बेसिंगस्टोकला दोन खोल्या जास्त असलेलं एक बैठं घर मिळालं, राजीवपासून चालत दहा मिनिटं, मध्ये तीन चक्राकार चौक. शाळेची कागदपत्रं पुन्हा करावी लागली. तनिषाने ती आजोबांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घेतली. जुलैत सामान हललं. गोल्डफिश तनिषाच्या मांडीवर बसून आला. समुद्रकाठच्या बंगलीची फाइल मधुमतीबाईंनी नव्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. टाकू नका म्हणाल्या, कधी सहलीला जाऊ.

शुक्रवारी संध्याकाळी मुलं मामाकडे जेवत. पहिल्याच शुक्रवारी त्यांना सोडायला गेलेल्या पुरुषोत्तमरावांना त्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी वेगळं दिसलं. सगळ्या गुळगुळीत कप्प्यांमध्ये एकाच कप्प्याला पितळेची मूठ होती, जरा तिरपी बसलेली.

"मी बसवली," शिल्पा म्हणाली. "ड्रिल पहिल्यांदाच हातात धरलं. राजीव म्हणतो, किचनचा सगळा लुक गेला."

"गेलाच आहे," राजीव आतून म्हणाला.

तेवढ्यात वीर दोन्ही हातांत ताटल्या घेऊन आला. त्याने मुठीकडे पाहिलंही नाही. गुडघ्याने कप्पा दाबला, तो उघडला, आणि ताटल्या ओट्यावर ठेवून तो चमचे मोजू लागला.