गल्लीला पाद्रीसाहेबांचं नाव

आमच्या गल्लीला निवृत्त पाद्रीसाहेबांचं नाव द्यावं, असं नगरसेविकेच्या मनात आलं. वर्ध्यातली आमची गल्ली म्हणजे दुकानदार, मास्तर, कारकून. ख्रिस्ती घर एकच, कोपऱ्यावरचं. चर्चच्या कामातून मोकळे झाल्यावर पाद्रीसाहेब तिथे राहायला आले आणि गल्लीचेच झाले. नळाच्या लाइनसाठी त्यांनी नगरपालिकेत खेटे घातले, दहावीच्या पोरांना संध्याकाळी इंग्रजी शिकवलं.

आमच्या घरावर तर त्यांचे फार उपकार. कोरोनात आई गेली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं; बाबा आणि मी दोघंही दवाखान्यात होतो. नातेवाईक फोन उचलत नव्हते. स्मशानात पाद्रीसाहेब गेले. मोबाइल धरून त्यांनी आम्हाला आईचं तोंड दाखवलं आणि बाबांनी रडत हो म्हटल्यावर अग्नीही त्यांनीच दिला. अस्थी घरात ठेवत नाहीत, हे कोणाला तरी विचारून घेऊन त्यांनी कलश आपल्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधून ठेवला होता.

बरे झाल्यावर बाबांनी सगळ्यांना सांगितलं, अग्नी माझ्या चुलतभावाने दिला. मी गप्प बसलो. पाद्रीसाहेबही कधी बोलले नाहीत.

नावासाठी गल्लीची संमती हवी होती. बैठक आमच्याच अंगणात झाली. पाद्रीसाहेबांना बोलावलं नव्हतं, पण ते आले. नवा शर्ट घातला होता. आपलं नाव लागणार याचा त्यांना खरंच आनंद झाला होता आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. ते फाटकातून आत येत होते, तेवढ्यात बाबा बोलले. बाबांची पाठ फाटकाकडे होती.

"माणूस चांगला हाये, माहं काई म्हणणं नाई. पण पाद्र्याचं नाव काऊन? उद्या गल्लीतल्या पोरीले पाह्यले पाहुणे येतीन, पत्ता काय सांगाचा?"

दोनचार जणांनी माना डोलावल्या. पाद्रीसाहेब जागीच थांबले. माझ्या अंगाची आग झाली. घर आमचं, बाप माझा, आणि पाहुणा दारात उभा.

"बाबा," मी ओरडलो, "आईले अग्नी कोणं देल्ला? सांगा न सगळ्याइले! चुलतभाऊ कुठं होता तवा?"

बाबांनी मागे वळून पाहिलं आणि खुर्चीचा हात धरून हळूहळू उठून आत गेले. मग कोणीच विरोध केला नाही. संमती मिळाली.

वाटलं, पाद्रीसाहेब माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी मला फाटकाबाहेर नेलं.

"हे तू काऊन सांगतलं? तुह्या बापानं फोनवर मले हात जोडले होते, कोणाले सांगू नका म्हणून. मी शब्द देल्ला होता त्याले."

"पण तुमचा अपमान होऊन राह्यला होता, साहेब."

"माहा होऊन राह्यला होता न? मी पाह्यलं असतं. तू चार लोकात बापाले उघडं पाडलं, बेटा. आईच्या मरणावर पाटी मिळवून देल्ली मले."

त्यांच्यासाठी बोललो असं मी समजत होतो. खरं तर मला बाबांची लाज वाटत होती, आणि ती अंगावरून झटकायची घाई झाली होती.

पाटी लागली त्या दिवशी हार, फोटो, भाषणं सगळं झालं. पाद्रीसाहेब दोनच वाक्यं बोलले. बाबा घरातून निघाले नाहीत.

दुपारी पाद्रीसाहेब पेढ्यांचा डबा घेऊन एकटेच आमच्याकडे आले. बाबांनी दार उघडलं. पाद्रीसाहेबांनी डबा पुढे केला. मग बाबा म्हणाले, "या, बसा."

बाबांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारून पाणी मागितलं. मी पेला भरला, पण घेऊन बाहेर जायचा धीर होईना. शेवटी बायकोने तो माझ्या हातातून घेतला आणि नेऊन दिला.